मागच्या बाजूचा रंग

रंगाच्या दुकानात बसलं की माणसं ओळखता येतात, असा माझा बरेच दिवस समज होता. भुकूमला पौड रस्त्याला लागून माझं दुकान आहे. नव्या सोसायट्यांतली जोडपी येतात, "काहीतरी सटल दाखवा" म्हणतात, तासभर शेडकार्ड उलटंसुलटं करतात आणि ऑफ व्हाइट घेऊन जातात. माण गावाकडचे खोल्या भाड्याने देणारे येतात, ते कार्डाकडे बघतही नाहीत. क्रीमची बादली उचलायची आणि चालू लागायचं, कारण क्रीमवर डाग दिसत नाही आणि भाडेकरू बदलला तरी रंग बदलावा लागत नाही. गावातल्या लग्नघराला मात्र गुलाबीच लागतो, आणि तोही असा की वऱ्हाडाने डोळे मिटून मांडवात शिरावं. कोण कुठला रंग नेणार हे मी गिऱ्हाईक पायरी चढतानाच सांगू शकायचो.

बर्वेबाईंनी माझी ही विद्या पहिल्याच दिवशी मातीत घातली.

अकराचा सुमार होता. उंच, सडपातळ, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. आल्या, काउंटरवरचं शेडकार्ड उचललं आणि एक शब्द न बोलता थेट बाहेर चालू लागल्या. मी म्हटलं, गेलं कार्ड. मागे धावलो. बघतो तर बाई रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या राहून कार्ड डोळ्यांपुढे तिरकं धरून फिरवतायत, आणि डंपरवाले हॉर्न मारमारून दमलेत. मग त्यांनी एका केशरी चौकोनावर बोट ठेवलं.

"हा. मॅट. अर्धा लिटर."

"कशाला लावायचाय?"

"पत्र्याला."

"मग ऑइल पेंट घ्या की. लई चकाकतो."

"चकाकायला नकोय."

"बरं. ह्यो फुडं लावनार, मग मागं कंचा देऊ?"

"पुढे पांढरा. हा मागे."

"मागं म्हंजी? भिंतीकडं?"

"हो."

"आवो बाई, मग ह्यो दिसनार कुनाला?"

बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "भिंतीला," म्हणाल्या, आणि डबा पिशवीत टाकून गेल्या.

घरी जेवताना मी हे सांगितलं तर अण्णा, म्हणजे माझे वडील, मान न उचलता म्हणाले, "ती व्हय? आपलं कोंबड्यांचं शेड मागाया आली व्हती. दिलं म्या."

या शेडची एक जुनी दुखरी गोष्ट आहे. कोंबड्यांचं शेड पूर्व-पश्चिम लांब बांधतात, म्हणजे लांब बाजूंनी ऊन आत शिरत नाही. अण्णांनी जमिनीचा तुकडा वाया जाऊ नये म्हणून ते दक्षिणोत्तर बांधलं. दुपार कलली की पश्चिमेच्या जाळीतून ऊन थेट आत यायचं. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या. दोन उन्हाळ्यांत धंदा बसला, आणि गावाला अण्णांची चेष्टा करायला कायमचा विषय मिळाला. पारावर कुणी नवीन घराची गोष्ट काढली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "अण्णाला इचारून दिशा ठरवा रं."

तर बाई शेड बघायला आल्या त्या दुपारी. आत गेल्या, उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बाहेर येईनात. मग आल्या आणि म्हणाल्या, "हे कुणी बांधलं?" अण्णांना वाटलं, आता ही शहरातली बाईपण टोमणा मारणार. ते गुरकावलेच, "म्याच. का?"

"फार छान बांधलंय," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून अण्णा बाईंचे झाले ते झालेच.

बाई शिल्पकार होत्या. मुंबईत एका कलाशाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. घरात कोण कोण, हे आम्ही रीतीप्रमाणे पहिल्या आठवड्यातच विचारून घेतलं. मिरजेला एक भाची आहे, एवढंच हाती लागलं. शिल्पकार म्हटल्यावर गावाला आनंद झाला. घोड्यावरचा पुतळा कुठे बसवायचा यावर चर्चाही सुरू झाली. महिनाभराने दोघं-तिघं शेडमध्ये डोकावून आले आणि हिरमुसून म्हणाले, "पुतळा न्हाई, काय न्हाई. नुसतं पांढरं पत्रं हायेत." तेव्हापासून बाईंचं नाव पडलं पत्रेवाल्या बाई. त्यांना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे की."

काम होतंच तसं. शेडची पूर्वेची लांब बाजू त्यांनी विटांनी बंद करून गिलावा करून घेतली आणि त्यावर पांढरा रंग मारला. त्या भिंतीपासून वीतभर पुढे, एका ओळीत, उभे पत्रे लटकवायचे. पत्रा पुढून पांढरा, मागून रंगीत. नक्षी नाही, नाव नाही, काही नाही. सकाळी गेलात तर पांढऱ्या भिंतीपुढे पांढरे पत्रे, धोब्याकडे वाळत घातल्यासारखे. पण दुपार कलली, पश्चिमेच्या जाळीतून तिरकं ऊन आलं, की ते पत्र्याच्या मागे शिरायचं, रंगावर आपटून परत भिंतीवर यायचं. मग प्रत्येक पत्र्याच्या भोवती भिंत हळूहळू केशरी व्हायची, कुठे हिरवी, कुठे जांभळी. रंग कुठे लावलाय ते दिसायचं नाही. भिंतीला नुसता तापल्यासारखा रंग यायचा, आणि ऊन खाली गेलं की उतरायचा.

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ऊन पडतं, सावली पडते, तसा रंग पडला पाहिजे. लावलेला रंग काय, कुणीही लावतं." रंग विकून पोट भरणाऱ्या माणसाला हे तोंडावर ऐकवायला धाडस लागतं. बाईंकडे ते पोत्याने होतं.

दुसरं वाक्य, "जरा जास्त झालं." हे त्या कशालाही म्हणायच्या. आमच्याकडच्या बारशाला आल्या, कमान बघितली, पाळणा बघितला, फुगे बघितले, आणि माझ्या कानात म्हणाल्या, "मूल छान आहे. बाकी जरा जास्त झालं." मटणाच्या रश्शाला म्हणायच्या, भाषणाला म्हणायच्या, एकदा सरपंचांच्या मिशीला म्हणाल्या. आमची सौभाग्यवती त्यांना आपल्या नव्या शालूबद्दल विचारायला निघाली होती, मीच तिला दारातून परत फिरवलं.

आणि स्वतःच्या कामात तर असा जाच करायच्या की विचारू नका. माझ्याकडे मशिनवर रंग करून घ्यायचा, घरी न्यायचा, लावायचा, दुपारच्या उन्हात बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी अकराला दारात हजर. "गणेश, एक थेंब काळा जास्त पडलाय." मी म्हणायचो, "बाई, मशिन चुकत न्हाई." त्या म्हणायच्या, "मशिन कुठे भिंतीकडे बघतंय?" पत्रा सुताभर तिरका बसला तर त्या उतरवून परत लावायच्या. फॅब्रिकेशनवाला त्यांना बघितला की वेल्डिंगचा चष्मा लावून काम असल्याचं सोंग करायचा.

रंग पडतो म्हणजे काय, हे मला खरं कळलं ते माझा चुलतभाऊ दत्ता याच्यामुळे. दत्ता शेडच्या पलीकडच्या, पश्चिमेच्या जमिनीचा मालक. माणूस मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा. एका दुपारी तो नवाकोरा पोपटी शर्ट घालून बाईंकडे आला. मी आणि अण्णा आत बसलो होतो. दत्ता भिंतीजवळ जाऊन एकेक पत्रा निरखायला लागला, तशी बाई खुर्चीवरून ओरडल्या, "दत्ता, मागे हो!"

दत्ता दचकला. "काय झालं? साप हाय का काय?"

"तुझा शर्ट पडलाय भिंतीवर."

आम्ही बघितलं. खरंच, दत्ता उभा होता तिथे पांढऱ्या भिंतीला पोपटी झाक आली होती. तो सरकला की ती सरकायची. दत्ताने दोन पावलं इकडे टाकली, दोन तिकडे, आणि लहान पोरासारखा खूश झाला. "आयला, गणा, माजी पन कला पडतीय बघ!"

"शर्ट काढ नाहीतर बाहेर जा," बाई म्हणाल्या.

आणि दत्ताने, ज्याच्यापुढे तलाठीसुद्धा आवाज चढवत नाही, त्याने मुकाट शर्ट काढला, बाहेर मोटरसायकलवर टाकला आणि बनियनवर येऊन बसला. ऊन उतरेपर्यंत आम्ही चौघं भिंतीकडे बघत होतो. अण्णा म्हणाले, "बाई, ह्यात काय हाय मला काय समजत न्हाई. पन बरं वाटतंय."

बाई म्हणाल्या, "मलाही एवढंच समजतं."

मला बाई आवडायच्या, हे सरळ सांगून टाकतो. दुकान बंद करून मी कितीतरी संध्याकाळी उगाच तिकडून जायचो. ही भिंत म्हणजे आपलं शेवटचं काम, असं त्या सांगायच्या. यापुढे कुठे प्रदर्शन नाही, कुठे विकणं नाही. भिंत पुरी करायची, दुपारचं ऊन यायचं आणि आपण बघत बसायचं, एवढाच त्यांचा म्हातारपणाचा बेत होता.

मग दत्ताने त्या पश्चिमेच्या जमिनीवर इमारत काढली.

त्यात त्याचं काय चुकलं? भुकूममध्ये ज्याच्याकडे जमीन आहे तो आज ना उद्या इमारत काढतोच. दत्ताने दुसऱ्याला न देता स्वतः काढली, आणि तिला आईचं नाव दिलं, "कोंडाई हाइट्स". सात मजले. पायाभरणीचे पेढे द्यायला तो बाईंकडेही गेला. बाईंनी पेढा घेतला, अभिनंदन केलं आणि तो गेल्यावर माझ्या दुकानात आल्या.

"गणेश, सात मजले म्हणजे किती उंच?"

मी हात वर करून दाखवलं, वेड्यासारखं. त्यांनी पिशवीतून काठी काढली, दारात उन्हात उभी धरली आणि तिच्या सावलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुपारी दोननंतर माझ्याकडे ऊन येणार नाही."

एवढंच बोलल्या. मी म्हटलं, "बाई, दुसरं शेड बघू. माझ्या वळखीचं हाय कासारसाईला, धरणाच्या कडंला."

गेलो. माझ्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून, पिशवी पोटाशी धरून बाई बसल्या. शेड उत्तम होतं. पश्चिमेला मोकळं, समोर पाणी. ऊन पाण्यावरून उसळून भिंतीवर यायचं आणि सगळी भिंत थरथरायची. मालक अभिमानाने म्हणाला, "बगा बाई, पानी नाचतंय भिताडावर." बाई गालाला हात लावून बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, जमलं. मग त्या मालकाला म्हणाल्या, "सुंदर आहे. नको."

वाटेत मी चिडून कारण विचारलं. तर म्हणाल्या, "ते पाण्याचं काम आहे. मी तिथे काय करणार, टाळ्या वाजवणार?"

इकडे स्लॅब पडत गेले. दर स्लॅबला भिंतीवरचं ऊन लवकर जायला लागलं. बाई दुकानात यायच्या बंद झाल्या. अण्णा रोज शेडमध्ये जाऊन बसायचे आणि घरी येऊन दत्ताला शिव्या घालायचे. "माजं आयुष्यात येकच काम बरं निगालं, त्ये बी ह्या भाड्यानं झाकलं."

सातवा स्लॅब पडल्यावर काही दिवसांनी बाई सकाळी सकाळी दुकानात आल्या. चेहऱ्यावर वेगळंच तेज. "चल, दत्ताकडे जायचंय."

दत्ता साइटवरच्या ऑफिसात होता. त्याने लगबगीने खुर्ची पुसली, चहा सांगितला. बाईंनी चहा येईपर्यंतही दम धरला नाही.

"दत्ता, तुझ्या इमारतीची मागची भिंत मला दे."

"दे म्हंजी? आवो, त्याच्यात मानसं ऱ्हानार हायेत."

"माणसं राहू देत. मला फक्त तिचा रंग ठरवायचाय."

"मागचा? मागं कोन बघतंय बाई? फुडं बघा कसला भारी रंग घेतलाय. मागं आमी उरलंसुरलं डबं येकत्र करतो आन मारतो. जो निगल त्यो रंग."

"कुठला निघतो?"

दत्ताने माझ्याकडे बघितलं. धंद्यातलं मला ठाऊक. "शेनासारका," मी म्हणालो.

मग बाईंनी समजावून सांगितलं. दुपारचं ऊन तर गेलंच, ते परत येणार नाही. पण सकाळी सूर्य शेडच्या डोक्यावरून येतो आणि इमारतीच्या पाठीवर पडतो. तिथून तो पश्चिमेच्या जाळीतून माझ्या भिंतीवर येणार. पाठीला जो रंग असेल तोच माझ्याकडे पडणार. "तू शेण मारलंस तर मला मरेपर्यंत शेण बघावं लागेल."

दत्ता आधी खो खो हसला, मग गंभीर झाला. मनाचा मोठा म्हटलं ते उगाच नाही. "घ्या तुमाला भिंत. पन बाई, माजं बी येक आयका. आमच्या लॉबीत तुमचं कायतरी लावा. आईच्या नावाची बिल्डिंग हाय."

बाईंनी भुकूममध्ये कुणालाही काही करून दिलं नव्हतं. तरी म्हणाल्या, "देते."

पुढचा महिना माझ्या धंद्याच्या आयुष्यातला सगळ्यात वेडा महिना. आम्ही मोठमोठ्या प्लायवर रंग लावून परांचीला टांगायचो, आणि बाई शेडमध्ये इमारतीकडे पाठ करून बसायच्या. रंग बघायचाच नाही, पडलेला बघायचा. मी बाहेरून ओरडायचो, "लावला!" आतून निकाल यायचा. गुलाबीला म्हणाल्या, "ताप आलाय याला." निळ्याला म्हणाल्या, "दवाखाना." पांढऱ्याला मी फार आशेने बघत होतो, कारण तो माझ्याकडे पडून होता. "हा काहीच बोलत नाही," म्हणाल्या. परांचीवरचे बिहारी रंगारी एकमेकांकडे बघून कपाळाला हात लावायचे. शेवटी एका सकाळी मी हळद टाकलेल्या दुधासारखा एक पिवळा लावला. आतून काहीच आवाज आला नाही. मी परत ओरडलो. तरी नाही. आत जाऊन बघितलं तर बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हाच," म्हणाल्या.

पण रंग मारायला अजून अवकाश होता. दत्ताला आधी पुढची बाजू आणि लॉबी उरकायची होती, कारण वास्तुपूजेचा मुहूर्त निघाला होता. बाईंनी लॉबीसाठी पाच उंच पत्रे केले. पुढून पांढरे, मागून तोच केशरी, जो त्यांनी पहिल्या दिवशी माझ्याकडून नेला होता. लॉबीत वरून काचेतून उजेड यायचा, त्याचा त्यांनी पुरता विचार केला होता. स्वतः उभं राहून लावणार होत्या. नेमक्या त्याच दिवशी तापाने आडव्या झाल्या. दत्ता म्हणाला, "बाई, तुमी गप पडा. माजी मानसं लावत्यात."

पूजेच्या दिवशी मी बाईंना स्कूटरवरून घेऊन गेलो. लॉबीत फुलांच्या माळा, सनई, अगरबत्तीचा धूर. आणि समोरच्या भिंतीवर, भिंतीला घट्ट चिकटलेले, पाच भडक केशरी पत्रे. रंग पुढे. पांढरा मागे.

दत्ता नव्या सफारीत धावत आला. "बगा बाई! माजी मानसं निस्ती येडी. रंगाची बाजू भिताडाकडं करून लावाया निगाली व्हती. म्या म्हनलं, आरं, बाईनं येवडा झ्याक रंग दिलाय त्यो काय पालीला दाखवायचाय का? स्वता हुबा राहून सरळ करून घेतलं. मागच्या हुका मधी येत व्हत्या, त्या ग्रायंडरनं कापल्या आन फुडून स्क्रू मारलं. येकदम फिट!"

खरंच फिट होते. पत्र्याच्या चारी कोपऱ्यांत स्टीलचे स्क्रू चमकत होते. आता ते परत फिरवायचे म्हटले तरी फिरणार नव्हते.

ज्या बाईने सुताभर तिरक्या पत्र्यासाठी फॅब्रिकेशनवाल्याला रडकुंडीला आणलं होतं, ती बाई त्या पत्र्यांपुढे उभी होती. मी मनात गणपतीचा धावा सुरू केला. तेवढ्यात कोंडाई काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढची म्हातारी, हिरवंगार लुगडं नेसलेली. तिने एकेका पत्र्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग बाईंचा हात धरून म्हणाली, "लई ग्वाड केलंस ग बाय. देवळात आल्यावानी वाटतंय."

बाई एकदा कोंडाईकडे बघत होत्या, एकदा पत्र्यांकडे. मग दत्ताला म्हणाल्या, "मॅट रंग आहे. फार हात लावू देऊ नकोस. डाग पडतात."

बस. एवढंच.

प्रसाद घेऊन आम्ही निघालो. गेटबाहेर पडल्यावर माझ्याने राहवेना. "बाई, सांगायचं की त्याला! चुकलंय म्हनून."

स्कूटरवर मागून म्हणाल्या, "त्याच्या आईसमोर?" आणि थोडं पुढे गेल्यावर, "आणि गणेश, माझी भिंत अजून रंगायची आहे."

बाईंनी आयुष्यभर ज्यासाठी हट्ट केला ते त्यांनी गिळलं होतं. थोडं म्हातारीसाठी, थोडं स्वतःच्या लोभासाठी. दोन्ही त्यांनी सारख्याच आवाजात सांगितलं होतं. त्या लॉबीत ते पत्रे आजही तसेच आहेत. मुलामुलींचे वाढदिवसाचे फोटो त्यांच्यापुढेच निघतात.

दत्ताने शब्द पाळला. पुढच्याच आठवड्यात मागची भिंत रंगवायला घेतली, वरपासून खालपर्यंत, दोन हात. रंगारी विचारत होते की साहेब, मागच्या बाजूला एवढा चांगला माल कशाला. दत्ता त्यांना म्हणाला, "मागचंच फुडं हाय." त्याला तेवढं समजलं होतं, याचं मला आजही नवल वाटतं.

परांची उतरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी शेडकडे गेलो. त्यानंतर चारच दिवसांनी बाई भाचीकडे मिरजेला गेल्या, तिकडेच आजारी पडल्या आणि त्या थंडीत वारल्या. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळीच.

शेडचं दार उघडं होतं. आत पाऊल टाकलं आणि थबकलो. भिंतीवर एकही पत्रा नव्हता. सगळे काढून कोपऱ्यात एकावर एक टेकवून ठेवले होते, जुनी दारं-खिडक्या ठेवतात तसे. इतक्या वर्षांचं काम. आणि पूर्ण लांब भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळदीच्या दुधासारखी भरून आली होती. सकाळची वेळ, सूर्य आमच्या मागे पूर्वेला, आणि ऊन पश्चिमेकडून येत होतं.

"बाई, पत्रं कशापायी काढलं?" मी नको इतक्या मोठ्याने विचारलं.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी काढले. आता लागत नाहीत."

"समदेच?"

"सगळेच."

त्यांच्या आवाजात दुःख शोधलं मी. सापडलं नाही. मलाच वाईट वाटत होतं, त्या पत्र्यांचं, माझ्या अर्ध्या अर्ध्या लिटरच्या डब्यांचं. प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बाई बसल्या होत्या, हातात चहाचा कप, इमारतीकडे पाठ. त्यांनी मला दुसरी खुर्ची दाखवली. मी बसलो. बाहेर कोंडाई हाइट्समध्ये कुणाचं तरी सामान वर चढत होतं, आणि भिंत जराशी फिकट होत, जराशी भरत होती.

दुकानाची वेळ झाली तसा मी उठलो. दारातून मागे बघितलं. बाईंना माझं उठणं कळलंही नव्हतं. त्यांच्या पांढऱ्या केसांवर, खांद्यावर, कप धरलेल्या हातावर तो पिवळा पडला होता, आणि त्यांना तो दिसत नव्हता, कारण त्या भिंतीकडे बघत होत्या.